नाव हरवलेले फिरते घर

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. म्हणून ती फारुकी राजा आदिलशाहाने उभारली, हे आपणांस निश्चित कळते. चाकांवरच्या घराचे तसे नसते. कारखान्याची पितळी पट्टी गळाली, की ते निनावी होते.

अशा घरास कॅरव्हॅन म्हणतात. हौशी प्रवासासाठी डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली ब्रिस्टॉल येथे 'वाँडरर' बांधून घेतली. ती दोन घोडे ओढीत. मोटारीमागे जोडावयाची घरे पुढे निघाली.

निनावी गाडी हाती आल्यास प्रथम रंग खरवडू नये. आम्ही एकदा घरातील जुनी पेटी हौसेने घासली, आणि आजोबांच्या वेळच्या कारागिराचे नाव रंगाबरोबर गेले! ते आता कोणासही सांगता येत नाही.

आसावर ठोकलेले अक्षर पाहावे. मात्र ते बहुधा आस करणाराचे असते, गाडी बांधणाराचे नव्हे. बोल्टच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा असल्यास ती ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धत, ६० अंशांचा असल्यास मेट्रिक किंवा अमेरिकन. तरीही एका बोल्टवर विसंबू नये. तो मागाहून बसविलेला असू शकतो. काचा, कड्या, बिजागऱ्या यांची साक्ष जुळली पाहिजे.

दुरुस्तीत खरा शत्रू पाणी. छताच्या सांध्यातून ते झिरपते. बाहेरचा पत्रा चकचकीत, आतला लाकडी सांगाडा मात्र कुजलेला! म्हणून लाकूड टोचून पाहावे. कुजका तुकडा काढला तरी टाकू नये. होडीची फळी बदलताना आमच्या कोकणी मुलखातील सुतार जुन्या फळीवरूनच नवी आखतो. येथेही मापे त्या तुकड्यावरूनच घ्यावयाची.