गांधार कुठे ठेवायचा?

सकाळी 9
बाहेरची वर्दळ वाढली की बारीक बेसूर कानातून निसटतो, म्हणून सूर लावायचं काम आधी. आजची पेटी एका गायिकेची, षड्ज काळी चार. तंबोरा सुरू करून पंचम जुळवतो. दोन स्वरांमधली थरथर थांबली की पुढे.

सकाळी 11
आता गांधार. स्वरांतर मोजायचं एकक सेंट; सप्तकाचे 1200 सेंट बारा सारख्या भागांत वाटले की शुद्ध गांधार 400 वर येतो. तंबोऱ्याच्या षड्जातून उमटणारा गांधार मात्र 386 वर असतो. रीडचं टोक घासलं तर स्वर चढतो, बूड घासलं तर उतरतो. बुडाशी हलकी कानस, मग भाता, मग पुन्हा कान. धैवत याहून किंचित जास्त, 16 सेंट उतरवायचा.

दुपारी 1
डबा खाताना शिकाऊ मुलगा विचारतो, "काका, सूर मोजायचं ॲप तर गांधार उतरलाय म्हणतंय?" तंबोऱ्यावर दोन्ही गांधार ऐकवतो. कृष्णाजी बल्लाळ देवलांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींचं गणित पुस्तकात मांडलं, तेही सांगतो.

सायंकाळी 5
गायिका येतात. "ताई, आता ही पेटी दुसऱ्या पट्टीत वाजवू नका, खटकेल." त्या आलाप घेतात आणि गांधारावर निवांत थांबतात.

रात्री 9
घरी बाखचं 1722 चं 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर' हार्प्सिकॉर्डवर ऐकतो. वाद्य बाखचा शिष्य किर्नबर्गर याच्या पद्धतीने लावलेलं. बाखने हीच पद्धत वापरली असा पुरावा नाही, पण इथे बाराही पट्ट्या वाजतात आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा राहतो. पहिला प्रेल्यूड सी मेजरमध्ये, तिथला गांधार थेट 386 वर. तिसरा सी-शार्प मेजरमध्ये, तिथे त्या पट्टीचा गांधार 408 च्या आसपास चढलेला. वादक पहिल्यात स्वरसंघांना रेंगाळू देतो, तिसऱ्यात झपाट्याने पुढे जातो. सारख्या अंतरांच्या पियानोवर हा फरक स्वरांतून मिळत नाही, वादकाला तो लय आणि स्पर्शातून उभा करावा लागतो. म्हणजे पहिला स्वर वाजण्याआधीच वाद्य लावणाऱ्याने रचनेचा निम्मा अर्थ ठरवलेला असतो.

हार्प्सिकॉर्डच्या अनेक ध्वनिमुद्रणांच्या माहितीपत्रकात वाद्य कोणत्या पद्धतीने लावलं ते छापतात. आपल्या पेटीच्या ध्वनिमुद्रणांवरही षड्ज कोणता आणि गांधार कुठे ठेवला, हे छापलं जावं. मग ऐकणाऱ्याला गायकाचा निर्णय आणि वाद्याची मर्यादा वेगवेगळी ओळखता येईल.