वर्धा–नागपूर: मेट्रो वाढवायची की ब्रॉडगेज मेट्रो आणायची?

नागपूरची मेट्रो बुटीबोरीपर्यंत येणार म्हटल्यावर ‘ती वर्ध्यालाच आणा ना!’ असं सगळ्यांनाच वाटतं. पण जरा हिशेब बघा.

🚇 नागपूर मेट्रो स्टँडर्ड गेजवर, म्हणजे १४३५ मिमी रुळांवर धावते. आपली रेल्वे १६७६ मिमीची. त्यामुळे मेट्रोची गाडी रेल्वेच्या रुळांवर चालूच शकत नाही. वर्ध्यापर्यंत नवे खांब, नवी स्थानकं, सगळंच नव्यानं उभारावं लागेल. शिवाय दर किलोमीटर-दीड किलोमीटरला थांबणारी ही गाडी शहरासाठी उत्तम. पाऊणशे किलोमीटरच्या प्रवासाला ती संथच पडणार.

🚆 ब्रॉडगेज मेट्रो म्हणजे आहे त्याच रुळांवर वातानुकूलित, जलद गाड्या. यासाठी २०१८ मध्ये सामंजस्य करारही झाला. सेवाग्राम, सेलू रोड, सिंदी, बोरखेडी, बुटीबोरी ही स्थानकं तयारच आहेत.

अडचण आहे ती रुळांवरच्या गर्दीची. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई, दोन्ही मार्गांचा भार इथेच. म्हणून तिसरी-चौथी मार्गिका महत्त्वाची.

माझं मत पक्कं: वर्ध्यासाठी ब्रॉडगेजच! रोज अप-डाऊन करणाऱ्यांनो, तुमचं मत कमेंटमध्ये नक्की लिहा.