आवाजांची बेरीज

लॅपटॉपवर एखादे चांगले व्याख्यान लागले आहे आणि तुम्हांला ते मुद्रित करून ठेवायचे आहे. तुम्ही काय कराल? बहुतेक जण शेजारी मोबाइल ठेवतील. मग व्याख्यानाबरोबर पंख्याची घरघर आणि कुकरच्या शिट्ट्याही मुद्रित होतात, कारण हवा कोणत्याच ध्वनिलहरीला मज्जाव करीत नाही.

वास्तविक हा द्राविडी प्राणायाम करण्याचे कारणच नाही. संगणकात आवाज म्हणजे संख्यांची मालिका असते. सीडीच्या प्रमाणाने प्रत्येक सेकंदाला ४४,१०० संख्या, आणि त्याही डाव्याउजव्या स्पीकरसाठी वेगवेगळ्या! स्पीकरकडे निघालेल्या या संख्यांची प्रत वाटेतच फाइलीत उतरवून घेता येते. विंडोजमध्ये या सोयीला 'लूपबॅक' म्हणतात आणि ऑडॅसिटी या विनामूल्य प्रोग्रॅममधून ती वापरता येते. आवाज हवेत येण्यापूर्वीच टिपला गेला; पंखा आणि कुकर बाहेरच राहिले.

आता हेच काम एखादा अंध विद्यार्थी करीत आहे असे समजा. पडद्यावरचा मजकूर त्याला स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. एनव्हीडीए हा असा विनामूल्य प्रोग्रॅम ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली लिहावयास घेतला. पण त्याचे बोलणे म्हणजेही संख्याच, आणि त्या त्याच वाटेने स्पीकरकडे जातात. वाटेत दोन्ही आवाजांची चक्क बेरीज होते. एका क्षणी व्याख्यानाची संख्या ७ आणि एनव्हीडीएची ५ असेल, तर फाइलीत १२ उतरते. नुसत्या १२ वरून मूळ संख्या ७ आणि ५ होत्या की ८ आणि ४, हे कसे सांगणार? म्हणून दोन वक्ते एकाच वेळी बोलत असल्यासारखे मुद्रण मिळते, आणि मागाहून ते निवडून वेगळे करणे फार कठीण असते.

मग एनव्हीडीएला गप्प बसवावे काय? ते करता येते. पण मुद्रण सुरू झाले की नाही हे त्या विद्यार्थ्याला कळणार कसे? डोळस माणसाला पडदा बंद करून काम करावयास सांगण्यासारखेच हे आहे. हा उपाय मला मुळीच पटत नाही.

बेरीज होण्याआधीच वाटा वेगळ्या केल्या तर? विंडोज प्रत्येक ध्वनिसाधनासाठी स्वतंत्र बेरीज करते. तेव्हा यूएसबीचा एक इअरफोन जोडावा आणि एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये त्याचा आवाज तिकडे वळवावा. व्याख्यान लॅपटॉपच्या स्पीकरवरच राहू द्यावे, आणि ऑडॅसिटीत त्या स्पीकरचा लूपबॅक निवडावा. विद्यार्थ्याला दोन्ही आवाज ऐकू येतात, फाइलीत मात्र एकच जातो. अलीकडच्या विंडोजमध्ये एकाच प्रोग्रॅमचा आवाज टिपण्याचीही सोय आहे. ओबीएस हा प्रोग्रॅम तिचा उपयोग करतो.

वर्गात हे करून पाहा. पडद्यावर रुमाल टाका, माउस बाजूला ठेवा, आणि एनव्हीडीएच्या भरवशावर एक मिनिटाचे मुद्रण करा. ऑडॅसिटीत 'आर' ही कळ मुद्रण सुरू करते, स्पेसची कळ थांबवते. एक ध्यानात ठेवा: स्पीकरकडे काहीच जात नसेल, तर लूपबॅकचे मुद्रण पुढे सरकत नाही. ते बिघडले असे समजू नका. व्याख्यान सुरू करा, मुद्रणही चालू लागेल.