रमजानमध्ये सुटते, ईदनंतर पुन्हा का सुरू होते?

"रमजानमध्ये तो थेंबालाही शिवत नाही. मग त्याला व्यसनी कसे म्हणायचे?" पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या कामगार वस्त्यांत एखाद्या अम्मीकडून किंवा भाभीकडून असा प्रश्न ऐकायला मिळतो. महिनाभर रोजे होतात, तरावीह होते, घर आनंदात असते. ईद होते, शिरखुर्म्याची भांडी घासून होतात आणि पगाराच्या आठवड्यात तोच वास पुन्हा दारात येतो. मग घर पुढच्या रमजानची वाट पाहू लागते.

दारू काही दिवस थांबणे आणि व्यसनातून बरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रमजानमध्ये दिवसाची सगळी घडीच बदलते. सहरी, इफ्तार, नमाज, चांगली सोबत यांचा माणसाला आधार मिळतो. ईदनंतर हा आधार सुटतो. रात्रपाळी, ओव्हरटाइमचा थकवा, जुने सोबती आणि घरी येण्याच्या वाटेवरचे दुकान मात्र जागच्या जागी असते. मेंदूला वर्षानुवर्षे लागलेली ओढ एका महिन्यात जात नाही. म्हणून ईदनंतर पाय घसरला तर त्याचा रोजा खोटा होता, असे समजू नये. उपचार अजून सुरूच झालेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

येथे एक धोका प्रत्येक घराने ओळखून ठेवावा. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केली, तर काही तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास होणे, असंबद्ध बोलणे सुरू होऊ शकते आणि अशा अवस्थेत जीवही जाऊ शकतो. हा कोणत्याही सावलीचा किंवा करणीचा प्रकार नाही. रुग्णाला तातडीने दवाखान्यात न्यावे. शक्यतो रमजान येण्याच्या काही आठवडे आधीच डॉक्टरांना भेटून त्यांच्या देखरेखीखाली दारू सोडावी.

मग घरे डॉक्टरांकडे का जात नाहीत? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'ने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलेतरी उपचार मिळाल्याचे त्यात दिसले. आपल्या घरांत आणखी एक अडचण असते. दारू हराम, त्यामुळे लाज दुप्पट. लोक काय म्हणतील, मुलीचे स्थळ मोडेल, या भीतीने घर गप्प राहते. पत्नी सुपरवायझरला फोन करून "ताप आहे" असे सांगते. अब्बा उधारी फेडतात. भाऊ गाडी सोडवून आणतो. हे सारे मायेपोटीच होते, पण त्यामुळे पिणाऱ्याला पिण्याची किंमत कधी मोजावीच लागत नाही.

बुखारी शरीफमध्ये एक प्रसंग येतो. दारू पिण्यावरून पुन्हा पुन्हा आणल्या गेलेल्या एका माणसाला शिक्षा झाली, तेव्हा कुणीतरी त्याला शाप दिला. प्रेषितांनी (स.) शाप देण्यास मनाई केली, त्या माणसाच्या मनात अल्लाह आणि त्याच्या प्रेषिताविषयी प्रेम आहे, याची आठवण दिली. शिक्षा माफ झाली नाही आणि माणूसही टाकला गेला नाही. घराने नेमके हेच करायचे आहे. त्याच्या कृत्याचा भार त्याच्यावर राहू द्यावा, पण त्याला तुच्छ लेखू नये.

पुण्यात येरवड्याला आळंदी रस्त्यावर मोहनवाडीत 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने ते २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू केले. तेथे निवासी उपचार ३५ दिवसांचे असतात. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसे तेथे समुपदेशक म्हणून काम करतात. डॉ. अनिता यांनी रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट सुरू केला, कारण व्यसनाने घरही आजारी पडते. अमेरिकेत १९५१ मध्ये सुरू झालेल्या 'अल-अनॉन' या कुटुंबीयांच्या गटांमागेही हाच अनुभव होता. माझ्यामुळे तो पीत नाही आणि माझ्या पहाऱ्याने त्याची सुटणारही नाही, हे उमगले की बाईच्या डोक्यावरचे मोठे ओझे उतरते.

घरी काय करता येईल? तो नशेत असताना वाद घालू नये. सकाळी शुद्धीवर असताना थोडक्यात आणि ठामपणे बोलावे. त्याच्यासाठी खोटे बोलणे व उधारी फेडणे थांबवावे. किराणा, भाडे व मुलांच्या फीचे पैसे त्याच्याच संमतीने वेगळे ठेवावेत. मुलांना बाटली आणायला कधीही पाठवू नये. तो मारहाण करत असेल तर सबर करत बसू नये. आधी आपला व मुलांचा जीव सुरक्षित करावा आणि ११२ वर फोन करावा.

उपचारानंतरचे पहिले वर्ष नाजूक असते. डॉक्टरांची भेट, गटाची बैठक आणि पगाराच्या दिवशी कुणाची तरी सोबत, हे चुकू देऊ नये. पाय घसरलाच तर "सगळे वाया गेले" असे न म्हणता त्याच आठवड्यात पुन्हा समुपदेशकाकडे जावे. कुठे जावे हे कळत नसेल तर केंद्र सरकारच्या १४४४६ या निःशुल्क व्यसनमुक्ती क्रमांकावर विचारता येते. घरच्यांना स्वतःच्या मनाचा ताण सांगायचा असेल तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे.

रमजानमध्ये त्याने दाखवलेला निश्चय खरा असतो. तो वाया जाऊ द्यायचा नसेल तर डॉक्टरांची पुढची तारीख रमजानमध्येच ठरवून ठेवावी. प्रकृती साथ देत असेल तर शव्वालचे सहा रोजे घरातल्या कुणीतरी त्याच्यासोबत धरावेत. ईदच्या कपड्यांची तयारी आपण महिनाभर आधी करतो; ईदनंतरच्या पहिल्या पगाराची तयारीही तशीच आधी करावी.