बिट्टीची बी खेळण्यातली नव्हे

रत्नागिरीत देवळाच्या आवारात किंवा घराच्या गडग्याला लागून पिवळी कण्हेर हमखास दिसते. शंकराला वाहायला फुले मिळतात, पाणी फारसे लागत नाही आणि गुरे तोंड लावत नाहीत. गुरे तोंड का लावत नाहीत, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

हिलाच बिट्टी म्हणतात. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. पाने अरुंद, चकचकीत, एकाआड एक, फुले नरसाळ्यासारखी. पान तोडले की पांढरा चीक येतो. फळ हिरवे, कोनदार असते आणि पिकल्यावर काळे पडते. आत कठीण बाठा असतो. गुलाबी, पांढऱ्या फुलांची कण्हेर वेगळी. तिची पाने बहुधा तीन-तीनच्या झुपक्यात येतात आणि तिला लांब शेंगा धरतात. विषारी दोन्ही, पण बिट्टीचे बाठे मुलांच्या खेळात येतात, ही खरी अडचण. बाठा फुटला की आतली बी तोंडात जायला वेळ लागत नाही, आणि सर्वाधिक विष बियांतच असते.

हे विष हृदयाच्या पेशींतील सोडियम-पोटॅशियम पंप बंद पाडते. हृदयरोगावरील डिगॉक्सिन हे औषधही याच गटातले. आधी उलट्या, पोटदुखी, जुलाब होतात. त्यामुळे ‘काहीतरी बाधले’ म्हणून घरीच थांबले जाते. नाडी मंदावणे, ठोके चुकणे हे काही तासांनीही सुरू होऊ शकते.

केरळमध्ये 2024 मध्ये एका तरुण परिचारिकेच्या मृत्यूमागे कण्हेरीचे पान चावल्याचा संशय व्यक्त झाला. त्यानंतर त्रावणकोर देवस्वम मंडळाने नैवेद्य आणि प्रसादात ही फुले वापरणे थांबवले. आपल्याकडेही ही फुले देवाला खुशाल वाहावीत; प्रसादाच्या ताटात नकोत.

मुलाने बी खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी तोंड धुऊन काढावे, उलटी करवू नये, मीठपाणी पाजू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, फळ किंवा डहाळी सोबत न्यावी. मूल बरे दिसत असले तरी ईसीजी काढून डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवणे आवश्यक असते.

प्रत्येक झुडूप तोडण्याची गरज नाही, मात्र अंगणवाडी आणि शाळेच्या आवारात ते नसलेलेच बरे. छाटलेल्या फांद्या शेळ्यांच्या वाटेवर टाकू नयेत. वाळलेल्या पानांतले विष जात नाही, आणि हिरव्या पानाला तोंड न लावणारी जनावरे सुकलेले पान चाऱ्याबरोबर खाऊन जातात.