व्रण आखडतो तो कशामुळे?

भाजलेला हात बरा होतो, पण बोटं तळव्याकडे ओढलेली राहतात. ‘कातडी वाळली म्हणून आखडली’ असं घरोघरी म्हटलं जातं. ते खरं नाही. जखमेच्या कडा जिवंत पेशी ओढत असतात. १९७१मध्ये जुलिओ गॅबियानी आणि सहकाऱ्यांनी या पेशी दाखवून दिल्या. भरत्या जखमेतल्या साध्या तंतुपेशी, म्हणजे फायब्रोब्लास्ट, स्नायूसारखे आकुंचन पावणारे धागे तयार करतात. अशा पेशींनाच मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. त्यांची ओढ उपयोगाचीच असते. उघडी जखम त्यामुळे लहान होते. ही ओढ वेळेवर थांबली नाही, की सांधा अडकतो.

मग थांबवतं कोण? इथे दुसरा गैरसमज आडवा येतो: वरची त्वचा म्हणजे निव्वळ झाकण. प्रत्यक्षात वरच्या थरातल्या केराटिनोसाइट पेशी खालच्या तंतुपेशींना सतत निरोप धाडत असतात. त्यांच्याकडून येणारं इंटरल्यूकिन-१ टीजीएफ-बीटाच्या विरोधात काम करतं, आणि टीजीएफ-बीटा हाच तंतुपेशींना आकुंचनाला लावणारा मुख्य रेणू. जखम झाकली गेली की बहुतेक मायोफायब्रोब्लास्ट मरून जातात. उघडी राहिली तर ओढाताण चालूच. अर्थात नुसता वरचा थर पुरत नाही. पातळ त्वचारोपण पुढे जास्त आकसतं आणि पूर्ण जाडीचं कमी, कारण त्याच्यासोबत आतली त्वचाही येते.

म्हणून ‘जखम उघडी ठेवा, वाळू द्या’ हा सल्ला महागात पडतो. जॉर्ज विंटर यांनी १९६२मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की ओलसर झाकलेल्या जखमेवर नवा थर उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने चढतो. खपलीखालून पेशींना वाट काढत जावं लागतं.

‘तोंडातल्या जखमेचा व्रण राहत नाही, ती लाळेची किमया’ हे मात्र अर्धं खरं आहे. लाळेची मदत होते, पण मूळ फरक पेशींतच आहे. गालाच्या आतल्या तंतुपेशी प्रयोगशाळेत, लाळेविना वाढवल्या आणि त्यांना टीजीएफ-बीटा दिला, तरी त्या त्वचेतल्या पेशींइतक्या सहज मायोफायब्रोब्लास्ट होत नाहीत. तरीही तोंडाला अभय मिळालेलं नाही. दुभंगलेल्या टाळूच्या शस्त्रक्रियेनंतरचा व्रण वरच्या जबड्याची वाढ रोखू शकतो. सुपारी-गुटख्याने तर गालाखालचा थर हळूहळू इतका ताठरतो, की तोंड उघडेनासं होतं. ओरल सबम्युकस फायब्रोसिस तो हाच, आणि आपल्याकडे तो नवा नाही.

भाजल्यावर टूथपेस्ट, शाई, हळद लावू नका. वीस मिनिटं वाहत्या थंड पाण्याखाली धरा. दोन-तीन आठवड्यांत भरून न आलेल्या भाजल्याच्या जखमेचा व्रण जाड होण्याची आणि आखडण्याची शक्यता बरीच वाढते. जखम त्याआधीच प्लास्टिक सर्जनला दाखवा. सांध्यावर असेल तर अजिबात थांबू नका.