बिअर तीच, हॉप्स निराळे

मिकेल बोर्ग ब्यर्गसो कोपनहेगनमध्ये गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. घरच्या स्वयंपाकघरात बिअर करून पाहण्याचा नाद वाढत गेला आणि 2006 मध्ये एका मित्राबरोबर त्यांनी ‘मिकेलर’ हे नाव बाजारात आणलं. स्वतःची ब्रुअरी नव्हती. पाककृती त्यांची, टाक्या दुसऱ्यांच्या, अशी ही फिरस्ती. बेल्जियममधल्या लोक्रिस्टी गावच्या ब्रुअरीत त्यांची बरीच बिअर होत असे. नाव झालं ते ओट्स आणि कॉफी घातलेल्या काळ्याभोर स्टाउटमुळे. पुढे उदमांजराच्या विष्ठेतून वेचलेल्या बियांची कॉफीही त्यांनी बिअरमध्ये घातली, आणि चर्चा अर्थातच तिचीच झाली.

मला मात्र त्यांचं सर्वांत कल्पक काम दिसायला अगदी साध्या अशा एका मालिकेत दिसतं. तिचं नाव ‘सिंगल हॉप’. माल्ट तोच, यीस्ट तेच, मद्यार्क तेवढाच; प्रत्येक बाटलीत फक्त हॉप्सची जात बदललेली. शाळेच्या प्रयोगशाळेतला पहिला नियम म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. इथे तो नियम थेट जिभेवर येतो.

हॉप्स ही एका वेलीची शंकूसारखी फुलं. त्यांतली अल्फा आम्लं पाण्यात फारशी विरघळत नाहीत आणि मूळ रूपात फार कडूही नसतात. माल्टच्या गोड काढ्यात तासभर उकळली की त्यांच्या रेणूची रचना पालटते, ती विरघळतात आणि कडवटपणा येतो. सुगंधी तेलांचं नेमकं उलटं. मर्सिन, लिनालूल यांसारखे रेणू उकळताना वाफेबरोबर निघून जातात, म्हणून वासासाठीचे हॉप्स शेवटी किंवा आंबवून झाल्यावर घालतात. अमेरिकेतले सिम्को आणि सिट्रा, न्यूझीलंडचा नेल्सन सोव्हिन, इंग्लंडचा ईस्ट केंट गोल्डिंग असे पेले ओळीने मांडले की फरक पहिल्या हुंगण्यातच कळतो. नेल्सन सोव्हिनच्या वासामागे थायॉल नावाचे गंधकयुक्त रेणू आहेत. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असले तरी नाकाला त्यांचा पत्ता लागतो. नाशिकची सोव्हिनिऑन ब्लाँ ज्यांनी प्यायली आहे त्यांना हा वास ओळखीचा वाटेल, कारण त्या वाइनमध्येही याच कुळातले रेणू असतात. सोराची एस ही मूळची जपानी जात. तिच्या पेल्यात लिंबू येतं आणि मागोमाग चक्क शेपू.

प्रयोग अगदी निर्दोष मात्र नाही. प्रत्येक जातीत अल्फा आम्लाचं प्रमाण वेगळं असतं. कडवटपणा सारखा ठेवायचा तर हॉप्सचं वजन बदलावं लागतं, आणि वजन बदललं की इतर घटकांचं प्रमाणही बदलतं. तरीही एका जातीची ओळख करून घ्यायला याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

कडवटपणा मोजायचं एकक आयबीयू. एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे एक मिलिग्रॅम रूपांतरित अल्फा आम्ल. मिकेलरने ‘1000 आयबीयू’ नावाचीही बिअर काढली. हा आकडा हिशेबाचा आहे. बिअरमध्ये ही आम्लं साधारण शंभरेक मिलिग्रॅमच्या पुढे विरघळतच नाहीत, आणि त्यापुढचा फरक जिभेलाही सांगता येत नाही. ती बिअर गंमत म्हणून चाखावी; शिकण्यासारखं सिंगल हॉपमध्ये जास्त आहे.

यीस्टचीही अशीच एक मालिका निघाली. पाककृती तीच, किण्वन करणारा जीव निराळा. हे कोपनहेगनमधल्या माणसाला सुचावं याला इतिहास आहे. तिथल्याच कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चन हान्सेन यांनी 1883 मध्ये यीस्टची एकच एक जात वेगळी काढून वाढवली. कार्ल्सबर्गच्याच नील्स क्लाउसेन यांनी 1904 मध्ये जुन्या इंग्लिश बिअरमधलं ब्रेटानोमायसिस हे यीस्ट जगापुढे आणलं. या मालिकेत गव्हाच्या जर्मन बिअरचं यीस्ट पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास देतं. केळं आयसोअमाइल अॅसिटेटचं, लवंग विनाइल ग्वायकॉलची. ब्रेटानोमायसिसच्या पेल्यात गोठ्याचा, घोड्याच्या खोगिराचा वास येतो. काहींना तो असह्य होतो. मला तो या सगळ्या ओळीत सर्वांत लक्षात राहणारा वाटतो.

अशा ओळीत बसताना आपल्याला फरक खरंच कळतो का, हे तपासण्याची रीतही 1940च्या दशकात कार्ल्सबर्गमध्येच घडली. तीन पेले, दोन सारखे, एक वेगळा. लेबलं झाकायची आणि वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा उत्तर बरोबर येतं, म्हणून फेऱ्या बऱ्याच कराव्या लागतात. प्रत्येक वेळी घोटभरच घ्यावं, मध्ये पाणी प्यावं. कडवटपणा जिभेवर रेंगाळतो, तेव्हा सौम्य पेला आधी आणि कडू शेवटी. बिअर फ्रिजमधून काढल्याबरोबर चाखू नये, कारण गारठ्यात सुगंधी रेणू वर उठतच नाहीत.

सिंगल हॉपची बाटली जपून ठेवण्यात अर्थ नाही. ऑक्सिजन आतल्या सुगंधाचा काही महिन्यांत फडशा पाडतो, आणि उजेड लागला तर हॉप्समधलेच रेणू तुटून दुर्गंधी थायॉल तयार होतं; तपकिरी काच त्यासाठीच असते. ब्रेटानोमायसिसची बाटली मात्र अंधारात वर्षभर ठेवून पाहावी. ते यीस्ट आत सावकाश काम करत राहतं, आणि दुसऱ्या वर्षी उघडलेली बिअर पहिल्या वर्षीची नसते.